सेकंड

बत्तीस वर्षं मी कपांना ठोकत होतो.
वीतभर लाकडी काडी, टोकाला बोराएवढा गोळा,
समोर फळीवर पालथे घातलेले पांढरे कप.
टण्ण म्हणाला, डावीकडे.
थद्द म्हणाला, ड्रमात.
तडा केसाहून बारीक, डोळ्याला दिसत नाही,
पण ठोकल्यावर त्याला गप्प राहता येत नाही.

आवाज चांगला, पण कान वाकडा, बुडाशी काळा ठिपका,
असा माल सेकंड.
तो शनिवारी किलोवर मिळायचा, आम्हा कामगारांना.

भट्टीवरचा हरप्रसाद प्रजापती म्हणायचा,
'पागनीसबाबू, हमारे बाप ने गधे पे मट्टी ढोई,
हम टिरक से उतार रए हैं.
फरक इत्तो ही, जे मट्टी गोरी है.'

तेराशे अंशांवर ती मातीही राहायची नाही.
उजेडापुढे बशी धरली
की मागच्या बोटांची सावली दिसायची.
एवढ्याशा सावलीसाठी
एक देश शेकडो वर्षं तोंड मिटून बसला,
आणि दूर कुठे राजाने किमयागार कोंडून
सोनं मागितलं, तर हाती बशी आली.
साहेबांच्या कपाटातल्या जाड पुस्तकात होतं हे,
डबा खाता खाता वाचलेलं.
आम्ही देशाचं नाव मातीला चिकटवून मोकळे.
आणि इथे ग्वाल्हेरात साखरही चीनी,
म्हणजे चिनीत चीनी ढवळायची, झालं.

आमच्या फाटकातून काय काय गेलं.
विजेच्या खांबांवरचे लट्टू,
फ्यूज, वैद्यांचे खल,
तपकिरी गळ्याच्या बरण्या, ज्यांत कैऱ्या
वर्षभर मिठात बसायच्या.
मीठ, आंबट, वीज, तेल,
काहीच आत शिरू देत नाही ही वस्तू.

आईचं मत वेगळं.
'तांब्याला राख लावली की झालं,' ती म्हणायची,
'चिनी मातीला शुद्धी नाही. शिवलं की शिवलं.'

म्हणून चिटणीसांच्या गोटातल्या आमच्या घरी
मागच्या दाराबाहेर, कोनाड्यात,
एक बिनकानाचा कप.
गेंदाबाईचा.
गल्ली झाडून झाली की ती तो पुढे धरायची,
आई वरून चहा ओतायची, धार न तुटता, हातभर उंचावरून.
कप मीच आणलेला. कान भट्टीत गळलेला.

एका सुट्टीच्या दुपारी,
सवय जाईना म्हणून,
मी घरातले कप ठोकून पाहिले.
मेळ्यातून घेतलेला आईचा सोनेरी काठाचा सेट,
फक्त पाहुण्यांसाठीचा.
सहातले चार थद्द.
मग मागच्या दारी गेलो.

टण्ण.
केवढा वेळ थांबला तो आवाज.
भिंतीवरची पाल सरकली तरी तो होताच.

गेंदाबाई झाडू काखेत घेऊन उभी होती.
'का सुन रए, बाबूजी?'

बत्तीस वर्षं ज्याचा शब्द साहेब मानायचे,
ज्याने डावं म्हटलं की डावं,
तो मी म्हणालो, 'कुछ नईं.'
आणि कप कोनाड्यात ठेवला.
त्याच्याच जागी. पालथा.

आता कारखान्याच्या चिमणीवर पिंपळ आहे.
गेंदाबाई कुठे गेली, ठाऊक नाही,
आई गेल्यावर सेट वाटण्यांत गेला,
कप कुणी फेकला ते मी विचारलं नाही.
माझे कान गेले. यंत्र लावतो,
त्यात पंखाच जास्त ऐकू येतो.

परवा मुरारला नवा दात बसवला.
पांढरा, चिनी मातीचा, पुढचा.
डॉक्टरीणबाईंनी आरशाच्या दांडीने त्यावर ठोकलं.
कानातून नाही,
जबड्याच्या हाडातून आला,
तोच.

'काका, दुखतंय का?'

मी मान हलवली.
म्हटलं, पुन्हा ठोका.